शाळेची खोली आणि गावाचा आसरा



गेल्या महिन्यात आमच्या गटांची बैठक होती. विषय होता कर्जाचे हप्ते, पण बैठक लांबली शाळेच्या खोल्यांवरून. कृष्णाकाठच्या एका गावातली आमची एक मैत्रीण तिथल्या शाळा व्यवस्थापन समितीवर आहे. तिच्या गावच्या शाळेला दोन नव्या खोल्या मिळायच्या आहेत. त्याचा नकाशा तिनं मोबाइलवर आणला होता. सगळ्यांनी तो मोठा करकरून पाहिला. खोल्या चांगल्या होत्या, खिडक्या होत्या, फळ्याची जागाही दाखवली होती. तेवढ्यात मागं बसलेल्या एक मावशी म्हणाल्या, "पूर आला की आपण हितंच येणार नव्हं? मग ह्या कागदात आपण कुठं हाय?"

कुणालाच उत्तर देता आलं नाही. म्हणून आजच्या भाषणात आम्ही तोच प्रश्न घेतलाय. शाळा आणि आसरा यांचं आपल्या भागातलं नातं किती जुनं आहे, ते कसं बदलत गेलं, आणि दुसऱ्या मुलखातल्या लोकांनी त्याचं काय केलं, हे बघू या.

आम्ही कुपवाडच्या. १९९८ साली सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून एक महापालिका झाली, तेव्हापासून कागदावर आम्ही शहरातल्या, पण वागणं-बोलणं अजून गावाचंच. कुपवाड नदीपासून लांब, उंचावर आहे. सांगलीच्या पेठेत पाणी शिरतं तेव्हा लोक आमच्या बाजूला येतात. त्यामुळं पूर आम्ही पाण्यात उभं राहून फारसा पाहिला नाही. पूर आम्ही पाहिला तो शाळेच्या वर्गात, बाकं भिंतीला लावून अंथरलेल्या सतरंज्यांवर.

आता थोडं मागं जाऊ. आज संकटात गाव शाळेत येतं. शंभर वर्षांपूर्वी उलटं होतं, शाळेलाच गावात आसरा शोधावा लागे. शाळेला स्वतःचं घर ही फार नंतरची गोष्ट. सावित्रीबाई फुले मूळच्या आपल्या सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा भरली ती भिड्यांच्या वाड्यात, म्हणजे दुसऱ्याच्या घरात. आणि ज्यांनी शाळा काढल्या त्यांनीच १८७७ च्या दुष्काळात उपाशी मुलांच्या जेवणाची सोय केली. सावित्रीबाई गेल्या तेही १८९७ च्या प्लेगात रुग्णांची सेवा करताना. शिकवणं वेगळं आणि आसरा देणं वेगळं, अशी वाटणी त्यांच्या डोक्यात नव्हतीच.

शेजारच्या कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. मूल शाळेत न पाठवणाऱ्या आईबापाला महिन्याला एक रुपया दंड होता. त्या काळात एक रुपया म्हणजे गंमत नव्हती! त्यानंतर दोनच वर्षांनी, १९१९ साली, कर्मवीर भाऊराव पाटलांनी काले इथं रयत शिक्षण संस्था सुरू केली. १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह निघालं. सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत जेवायची. त्या पंगतीचा खर्च कसा भागायचा? लक्ष्मीबाई पाटलांच्या दागिन्यांवर. मुलांना दोन वेळचं मिळावं म्हणून अंगावरचे दागिने एकेक करून गेले, शेवटी मंगळसूत्रही गेलं. ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. पण आम्हा गटवाल्यांना तिच्यात आणखी एक दिसतं. संस्थेच्या हिशेबात बाईचं भांडवल पहिलं पडलं होतं.

पुढं रयतेनं खेड्यापाड्यांत व्हॉलंटरी शाळा काढल्या, त्यांची संख्या पाचशेच्या वर गेली. या शाळांना इमारती कुठल्या? कुठं देवळात, कुठं चावडीत, कुठं धर्मशाळेत वर्ग भरायचे. देवळात उत्सव असला की शाळेला सुट्टी. चावडीत पाटलांकडं सरकारी माणूस आला की मुलं बाहेर झाडाखाली. आमच्या काही सासवा अशाच शाळेत दोन-तीन यत्ता शिकलेल्या आहेत. त्यांना शाळेची खूण विचारली की त्या अजून देवळाच्या खांबाची सांगतात.

स्वातंत्र्यानंतर हळूहळू शाळांना खोल्या मिळाल्या. बरीच गावं अशी की लोकांनी दगड, वाळू, श्रम दिले आणि सरकारनं उरलेलं दिलं. तरी पुष्कळ ठिकाणी एकच खोली, त्यात चार वर्ग आणि एकच गुरुजी. १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानं हे मान्य केलं आणि पुढच्या वर्षी खडू-फळा योजना आली. त्यात ठरलं की प्रत्येक प्राथमिक शाळेला निदान दोन मोठ्या खोल्या हव्यात, पुढं रुंद व्हरांडा हवा, मुलामुलींना वेगळी स्वच्छतागृहं हवीत, दोन शिक्षक हवेत आणि शक्यतो त्यातली एक बाई असावी. आणि खोल्या कशा, तर सगळ्या ऋतूंत वापरता येतील अशा. सगळ्या ऋतूंत! म्हणजे पावसात गळणाऱ्या पत्र्याची खोली ही खोली धरायची नाही. हे धोरण वाचताना आम्हाला वाटलं, लिहिणाऱ्यानं एक दिवस तरी आपल्याकडच्या वळवाच्या पावसात शाळेत काढला असणार. वळीव येतो तेव्हा आधी वारा येतो, आणि पहिला हात तो पत्र्यालाच घालतो.

पण या सगळ्यात खोली मोजली गेली ती मुलांसाठी. गाव त्या खोलीत येणार आहे, हे कुणी मोजलं नाही.

गाव मात्र येतच होतं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. जवळपास १८० माणसं गेली, हजारो घरं पडली. सातारा-सांगलीकडच्या वयस्कर बायका अजून सांगतात की त्यानंतर किती रात्री लोक थंडीत अंगणात झोपत होते. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, लोक दमून झोपलेले, आणि पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली. आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. मारलं ते घरांनीच. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात गार ठेवणारं तेच घर अंगावर आलं. दोन्ही भूकंप पहाटेचे, म्हणून शाळा रिकाम्या होत्या. हे आपलं नशीब. गुजरातचा २००१ चा भूकंप सकाळी झाला, प्रजासत्ताक दिनाच्या कार्यक्रमासाठी बाहेर पडलेली मुलं त्यात सापडली. तेव्हा शाळेची भिंत कशी बांधतात हा प्रश्न फक्त इंजिनिअरचा नाही.

किल्लारीची आणखी एक गोष्ट आपल्या कामाची आहे. ५२ गावं नव्या जागी वसवली, ते सगळ्यांना माहीत आहे. पण त्याखेरीज लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत शेकडो गावं अशी होती की घरं पडली नव्हती, तडकली होती. ती दुरुस्त करून मजबूत करायची होती. सरकारचा पैसा येणार, पण तो कशावर खर्च करायचा हे घरमालकाला कोण समजावणार? स्वयम् शिक्षण प्रयोग या प्रेमा गोपालन यांच्या संस्थेनं त्यासाठी गावोगावच्या बायका निवडल्या. त्यांना 'संवाद सहायक' म्हणत. महिला मंडळांतल्या या बायका घराघरांत जाऊन सांगायच्या की कोपऱ्याला कसं बांधायचं, माळवदाचं ओझं का कमी करायचं, भिंतीच्या दोन थरांना जोडणारा दगड कुठं घालायचा. अडाणी म्हणून ज्यांना बाजूला बसवत, त्या बायका गवंड्याला चूक दाखवू लागल्या. २००१ साली यातल्या काहीजणी गुजरातला गेल्या आणि तिथल्या बायकांना शिकवून आल्या. आज बचत गट म्हणून आपण जे उभे आहोत, त्याच्या मुळांपैकी एक मूळ त्या पडझडीत आहे.

आता पुराकडे येऊ. भूकंप आपल्याकडं क्वचित. पूर मात्र परत परत. सांगलीत पाणी मोजायची जागा म्हणजे १९२९ साली खुला झालेला आयर्विन पूल. चाळीस फुटांला इशारा, पंचेचाळीसला धोका, हे इथल्या लहान पोरालाही पाठ असतं. २००५ साली पाणी ५३ फुटांच्या वर गेलं. तेव्हा म्हातारी माणसं म्हणाली, असा पूर आता आपल्या हयातीत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते ५७ फुटांच्या वर गेलं. आणि दोनच वर्षांत, २०२१ च्या जुलैत, पुन्हा ५४-५५ फुटांपर्यंत. धरणं, अतिक्रमणं, पुढच्या धरणाची फुग, यावर पुष्कळ वाद झाले आणि चालू आहेत. त्यात आम्ही पडत नाही. आमचा मुद्दा एवढाच, की कृष्णेचं, वारणेचं, कोयनेचं पाणी एकाच वेळी येतं तेव्हा काठच्या गावाला बेट व्हायला एक रात्र पुरते.

२०१९ च्या ८ ऑगस्टला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला काय झालं ते तुम्हाला आठवत असेल. येरळा जिथं कृष्णेला मिळते ते हे गाव. पाण्यानं वेढलेलं. लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि १७ जण गेले. त्यात बहुतेक बायका आणि मुलं होती. त्यांना गाव सोडावंच लागलं, कारण गावातल्या गावात पाण्याच्या वर, आठ दिवस राहता येईल अशी जागा नव्हती. आम्ही ही गोष्ट बैठकीत काढली तेव्हा बराच वेळ कुणी बोललं नाही. आमच्यातल्या दोघींची माहेरं त्याच बाजूला आहेत.

त्याच आठवड्यात इकडं आम्ही भाकरी थापत होतो. गल्लीगल्लीत पिठाची परात फिरायची. चटणी-भाकरीचे गठ्ठे घेऊन आम्ही शाळांमध्ये जायचो, आणि तिथं जे पाहिलं ते आजवर फारसं कुठं सांगितलं नाही. एका शाळेत दीडशेच्यावर माणसं आणि स्वच्छतागृहं दोन, तीही लहान मुलांच्या मापाची. एकीला कडी नव्हती. आम्ही एकीला पाणी दिलं तर तिनं ग्लास तसाच खाली ठेवला. नंतर कळलं, बायका दिवसभर पाणीच पीत नव्हत्या, कारण प्यायलं की जावं लागणार आणि जायचं तर अंधार पडायची वाट बघायची. एक बाळंतीण होती, वीस दिवसांची. तिच्याभोवती तिच्या जावेनं दोन लुगडी बाकांना बांधून आडोसा केला होता. पाळी आलेल्या मुली एका कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून बसलेल्या. मदतीच्या गाड्यांतून बिस्किटं आली, साड्या आल्या, पाण्याच्या बाटल्यांचे ढीग लागले. आमच्या गटातल्या एकीनं घरच्या जुन्या सुती साड्या फाडून घड्या करून आणल्या, त्या आधी संपल्या.

आणि ज्या आल्याच नव्हत्या त्यांचं काय? पुष्कळ घरांत एक माणूस मागं राहिलं होतं, गोठ्यापाशी. म्हैस सोडून कोण येणार? ती म्हैस कर्जाची असते. दाव्याला बांधून ठेवली तर बुडते, सोडली तर जाते. शाळेत जनावराला जागा नाही, म्हणून माणूसही येत नाही. हे सरकारी यादीत कुठं दिसत नाही, पण बोटवाल्याला विचारा, तो सांगेल.

उंचावरच्या शाळांचंही नुकसान होतं, हे सांगायला हवं. वर्गात पूरग्रस्त असले की शाळा बंद. आठ दिवस, दहा दिवस. पुढं चिखल, औषध फवारणी. ज्यांच्या घरात पाणी नाही त्या मुलांचीही शाळा बुडते, आणि खोल्या कधी रिकाम्या होणार असं कुणी हळूच विचारलं की ते निर्दय वाटतं. दोन्ही बाजू खऱ्या आहेत. म्हणूनच खोली वाढवायची तेव्हा दोन्हीचा विचार एकदम करायचा असतो.

असा विचार समुद्रकाठच्या लोकांनी आपल्या आधी केला, कारण त्यांनी फार मोठी किंमत मोजली. बांगलादेशात १९९१ च्या एप्रिलमध्ये वादळ आलं आणि सुमारे १ लाख ४० हजार माणसं गेली. त्यात पुरुषांपेक्षा बायका जास्त होत्या. का? नवरा घरी येऊन सांगेपर्यंत त्या थांबल्या. कडेवर एक, हाताला एक अशी मुलं. आणि निवाऱ्यात परक्या पुरुषांच्या गर्दीत वेगळी जागा नाही, म्हणून काहीजणी निघाल्याच नाहीत. त्यानंतर तिथं शेकडो निवारे बांधले गेले, पुष्कळसे शाळेच्या इमारतीतच. बायकांसाठी वेगळी खोली, वेगळी स्वच्छतागृहं हे हळूहळू नकाशात आलं. जनावरांसाठी मातीचे उंच ओटे आले. २००७ साली तसंच भयंकर वादळ आलं, तेव्हा साडेतीन हजारांच्या आसपास माणसं गेली. तेही कमी नव्हेत. पण लाखाचा आकडा हजारांवर आला.

आपल्याच देशात ओडिशाचं घ्या. १९९९ च्या ऑक्टोबरमधल्या महाचक्रीवादळात तिथं दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. त्या वेळी मोजकीच निवारा केंद्रं होती, आणि ज्या गावांत ती होती तिथली माणसं वाचली. पुढच्या वीस वर्षांत ओडिशानं किनाऱ्यावर आठशेच्या वर केंद्रं बांधली, त्यातली कितीतरी शाळेच्या आवारात. खाली नुसते खांब, म्हणजे पाणी आलं तर खालून निघून जावं. वर मोठी दालनं. म्हाताऱ्यांना चढता यावं म्हणून उतरण. २०१९ च्या मे महिन्यात फोनी वादळ आलं तेव्हा बारा लाखांच्या आसपास लोक हलवले गेले आणि मृत्यू साठ-पासष्टच्या घरात राहिले. हे ते वर्ष, ज्या वर्षी तीन महिन्यांनी आपली सांगली बुडाली.

ओडिशाच्या लोकांची एक गोष्ट आम्हाला सिमेंटपेक्षा मोलाची वाटते. नुसता निवारा बांधून कुलूप लावलं तर दहा वर्षांनी दार गंजतं, वीज नसते, आत शेळ्या असतात. म्हणून तिथं रोज वर्ग भरवतात, अंगणवाडी भरवतात, गावची बैठक घेतात, लग्नकार्याला भाड्यानं देतात. देखभालीला गावची समिती आहे आणि भाड्याचा पैसा तिच्या खात्यात जातो. वापरातली जागा सांभाळली जाते, हे आपल्या जात्यासारखं आणि विहिरीसारखंच आहे.

पण त्यांचा नकाशा जसाच्या तसा उचलून चालणार नाही. वादळात माणूस एक-दोन रात्री काढतो. आपल्या पुरात आठ-दहा दिवस. त्यांना वाऱ्याचा मार सोसणारं छप्पर लागतं, आपल्याला ते वळवासाठी लागतंच, शिवाय २०१९ च्या पाण्याच्या खुणेच्या वर असलेलं जोतं लागतं, नाहीतर वरचा मजला आणि गच्चीवर जायचा बाहेरून जिना. पिण्याच्या पाण्याची टाकी उंचावर हवी, कारण पुरात हातपंपाचं पाणीही खराब होतं. शालेय पोषण आहाराचं स्वयंपाकघर प्रत्येक शाळेत असतं, मोठी पातेली असतात, रोज मुलांसाठी रांधणाऱ्या ताई असतात. दीडशे माणसांचा अंदाज त्यांच्याइतका कुणाला? त्या खोलीचं जोतं मात्र पुष्कळ ठिकाणी सगळ्यात खाली असतं.

शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्यानं हे बोलायची जागा आपल्याला दिलेली आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या सदस्य स्त्रिया असतात. शाळेचा विकास आराखडा करणं हे त्या समितीचं काम आहे. उतरण, वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी, स्वयंपाकघर हे त्याच कायद्यात शाळेसाठी सांगितलंय. म्हणजे निवाऱ्याला लागणारं अर्धं सामान आधीच मुलांच्या हक्कात आहे. आपण फक्त माप वाढवून मागायचंय. कितीदा मात्र असं होतं की समितीच्या वहीवर सही घ्यायला मुलगा घरी येतो आणि आपण भाकरीचे हात पुसून, न वाचता सही करतो. आम्हीही केलेली आहे.

तर त्या दिवशी बैठकीत आमच्या मैत्रिणीनं तो नकाशा पुन्हा उघडला आणि आम्ही वहीच्या मागच्या पानावर लिहायला घेतलं. २०१९ चं पाणी शाळेच्या भिंतीवर कुठवर होतं, ते फुटात मोजून आणायचं. बायकांच्या स्वच्छतागृहाचं दार कुठल्या बाजूला उघडणार. आतून कडी. एका खोलीला मधे पडदा लावता येईल अशी सळई. बाहेरून जिना. मैदानाच्या उंच कडेला जनावरांसाठी ओटा, चारा कुठं ठेवायचा. सात-आठ गोष्टी झाल्या. मग त्याच मावशी मागून म्हणाल्या, "आन् किल्ली?"

रात्री दोन वाजता पाणी चढलं तर शाळेची किल्ली कुणाकडं? गुरुजी तालुक्याला राहतात. शिपाई नाही. आम्ही एकमेकींकडं पाहिलं. शेवटी वहीत लिहिलं, तीन किल्ल्या करायच्या. एक शाळेत राहील, एक पोलीस पाटलांकडं, आणि एक गटाच्या अध्यक्षाकडं, जिचं घर शाळेपासून सगळ्यात जवळ आहे. पुढच्या समितीच्या सभेत हा कागद ठेवायचा आहे. सभा सोमवारी आहे, आणि त्या दिवशी तिच्यासोबत आम्ही चौघी जाणार आहोत.